लाल तार बॉडीला

५ मार्च

नाही झाली! किक मारून मारून पोटरीत गोळा आला, म्हातारी ढिम्म. एकदा नुसती शिंकली आणि पुन्हा थंड. म्हातारी म्हणजे दादाची मोटरसायकल — वयाने माझ्याहून मोठी, घरात मानही माझ्याहून जास्त. बॅटरीवाल्याने नवी बॅटरी बसवून दिली, जुन्या तारा होत्या तशाच जोडून. तरी ही गत.

दादाचा पलंग अंगणाकडच्या खिडकीशी सरकवलाय. म्हणजे त्याला गाडी दिसते. दिसते का, देव जाणे. अर्धांगवायूला वर्ष होत आलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे तेवढे उघडे असतात. डॉक्टर म्हणतात, 'समजत असेल अशी फार आशा धरू नका.'

७ मार्च

वहिनी आज स्पष्टच बोलली. त्याच्याच पलंगापाशी, चादर बदलता बदलता. 'भाऊजी, माझ्याच्याने आता उचलणं होत नाही. एकवीस तारखेला संस्थेची गाडी येतेय. तिथे नर्स असतात.'

म्हटलं, जरा हळू, तो ऐकेल. 'कोण ऐकेल? ही भिंत?' मग म्हणाली — 'यापेक्षा सुटले असते ना, तर बरं झालं असतं. त्यांनाही, मलाही.' आणि रडायलाच लागली.

मी 'हो' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिचं चुकत नाही.

एकच मागितलं — तोवर गाडी सुरू करून बघतो. त्या आवाजाला तरी तो मान वळवेल. वळवली तर संस्था रद्द! वहिनी म्हणाली, 'वळवली तर जन्मभर करीन मी त्यांचं. पण नाही वळवणार, भाऊजी.'

१० मार्च

दोष पॉइंटचा. इंजिनाच्या कडेचं गोल झाकण उघडलं. आत धातूच्या दोन इवल्याशा टिकल्या — त्यांची उघडमीट होते तेव्हा प्लगला ठिणगी मिळते. पार खड्डे पडलेत. दादा दर महिन्याला त्या घासायचा आणि मधली फट पत्त्याच्या तुकड्याने जुळवायचा. चौकटच्या दुरीला त्याने त्यासाठी कात्री लावली. तेव्हापासून आमच्या घरात पत्त्यांचा डाव कधी नीट झालाच नाही.

मला काम एकच. दादा म्हणायचा, 'साहेब, तुम्ही टॉर्च धरा. हात लावू नका.' माझ्या हाताची ख्याती!

आज तो हात लावला. घासल्या. फट जुळेना. जुळली ती टिकेना.

११ मार्च

नवे पॉइंट मिळत नाहीत. मिळाले ते नकली, हातातच वाकले.

१३ मार्च

सुट्या भागांचा दुकानदार फोनवर — 'पॉइंट काढून फेका हो! इलेक्ट्रॉनिक बसवा. घासायला नको, फट नको. मॉडेल सांगा, त्याप्रमाणे पाठवतो.'

दादाने मरेपर्यंत हे होऊ दिलं नसतं. 'बिघाड डोळ्यांना दिसला पाहिजे' म्हणायचा. पण दादा आता आहे कुठे — असं लिहू नये, तरी लिहितोय.

मागवलं.

१७ मार्च

आलं! काडेपेटीएवढी डबी, दोन तारा. सोबत कागद: लाल तार गाडीच्या बॉडीला, काळी कॉइलला — प्लगला वीज पुरवते ती. हसूच आलं. लाल बॉडीला? शाळेतलं पोरही सांगेल — लाल म्हणजे प्लस, आणि बॉडीला असतो मायनस. छापणाऱ्याची चूक. नशीब, आपण चार बुकं शिकलोय.

उद्या रजा टाकलीये.

१८ मार्च

पॉइंट काढले, डबी बसवली. तारा जोडताना सहज खिडकीकडे पाहिलं. दादाचा डावा हात चादरीवर — पालथा, उताणा, पालथा. धावत आत गेलो, वहिनीला हाक मारली. ती म्हणाली, 'हलतो तो कधीकधी. डॉक्टर म्हणाले, नसांचा चाळा आहे.'

वाटलं, पॉइंट काढले म्हणून रागावलाय. मग वाटलं, रागवायला आधी कळायला नको? बाहेर आलो. काळी बॉडीला पक्की आवळली. लाल कॉइलला. किल्ली फिरवली.

किकपर्यंत गेलोच नाही. धूर! जळका वास. डबी वितळून वाकडी.

दादाने मान वळवली नाही. डोळे मिटून पडला होता. हातही थांबला होता.

१९ मार्च

कशातच राम नाही.

वहिनीने त्याचे शर्ट इस्त्री करून बॅगेत भरले. तिथे कोण त्याची बटणं लावत बसणार? तरी भरले.

२० मार्च

दुकानदाराला फोन केला. भांडायला! काय माल विकता म्हणून. तो शांत. 'लाल बॉडीलाच जोडली होती ना? त्या जुन्या गाड्यांत बॅटरीचा प्लसच बॉडीला असतो. म्हणून तर कागद दिला.'

म्हटलं, 'नाही हो, मी उलटी जोडली —' आणि बोलता बोलता माझाच हात फिरला. पालथा. उताणा. पालथा.

फोन तसाच टाकून आत पळालो.

'दादा, तार उलटी होती? तू तेच सांगत होतास? हो असेल तर हात पालथा कर.'

केला. सावकाश, पण केला.

'आम्ही बोलतो ते कळतं तुला? पहिल्यापासून?'

उताणा केला. पुन्हा पालथा केला. मी त्याच्या पायांशी बसून ओक्साबोक्शी रडलो.

२१ मार्च

वहिनीने संस्थेची गाडी दारातूनच परत पाठवली. मग दार लावून तिथेच उभी राहिली, पलंगाकडे पाठ करून. 'भाऊजी, विचारा ना त्यांना. त्या दिवशी मी चादर बदलताना बोलले, तेही?'

मी विचारलं नाही. माझं 'हो'ही त्याच दिवसाचं.

दादाने हात पालथा केला.