कानात सांगितलेलं नाव

६ नोव्हेंबर, निरवांगी

पोचले एकदाची. मस्कतहून विमान, पुण्याहून बारामती, तिथून एसटी आणि शेवटचा तुकडा उसाच्या रिकाम्या ट्रॉलीत उभं राहून. आईला फोटो पाठवला तर लगेच उत्तर आलं, पडशील. पडले नाही. जन्म मस्कतचा असला तरी आमच्या घरात मराठीत मागितल्याशिवाय जेवण मिळत नसे, त्यामुळे इथे सगळ्यांना मी पुण्याची वाटते. कॉलेज सुरू व्हायला वेळ आहे. तोवर तीन महिने या अनाथाश्रमात हातभार लावायचा, असं मीच आईच्या गळी उतरवलं.

आश्रम म्हणजे पत्र्याची एक लांबलचक इमारत. समोर रस्ता, बाकी तिन्ही बाजूंना ऊस. चालवतात रमाकांत आबा, निवृत्त मास्तर. स्वयंपाक शकुबाईंचा. ऑफिसात आबांच्या बायकोचा हार घातलेला फोटो आहे. त्यांचं नाव काय, असं सहज विचारलं तर आबा मोटर बंद करायला म्हणून उठून गेले. मोटर बंदच होती.

मुलांची नावं ऐकून मात्र डोकं फिरलं. दगडू, केरू, धोंडी, उकिर्डा. आणि सहा वर्षांची एक चिमुरडी, जिने आल्या आल्या माझी ओढणी धरली ती जेवेपर्यंत सोडली नाही, ती नकोशी. बिचाऱ्यांना आईबाप नाहीत, वर नावंही ही असली. मला फार वाईट वाटलं.

१० नोव्हेंबर

रुळले. सकाळी उवा काढणे हा इथला राष्ट्रीय कार्यक्रम. मग आंघोळी, मग भाकरी आणि पिठलं. शाळेला दिवाळीची सुट्टी आहे, त्यामुळे पोरं दिवसभर माझ्या डोक्यावर. दगडू आठ वर्षांचा आणि आगाऊ. मस्कतला ऊस न्हाय तर तितं माणसं खात्यात काय, असं त्याने विचारलं. मी खजूर म्हटलं तर त्याला माझी दया आली.

इथली एक तऱ्हा भारी आहे. दुपारी बारा वाजायच्या आत दारंखिडक्या बंद करायच्या आणि सगळ्यांनी पाढे म्हणायचे, तेही बेंबीच्या देठापासून. एक वाजेपर्यंत. पत्रा थरथरतो. मी हसले, तर शकुबाई म्हणाल्या, भर दुपारी बाहेरनं कुणी हाक मारली तर ओ द्यायची न्हाय, म्हून ह्यो गलका. मास्तरांच्या आश्रमात असला खुळेपणा. पण पाढे पक्के होतात, हेही खरं.

नकोशी आता माझ्याशेजारीच झोपते.

१४ नोव्हेंबर

आबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बारामतीला सोडून आले. चार दिवस ते बहिणीकडे राहतील. येताना मनातलं करून टाकलं. आफताबभाईंच्या भांड्यांच्या दुकानातून स्टीलच्या ताटल्या घेतल्या आणि त्यांवर नावं घालायला सांगितली. नवी नावं. गर्दी होती म्हणून त्यांनी आज दोनच करून दिल्या, बाकीच्या पुढच्या आठवड्यात. दगडूची ‘स्वानंद’, नकोशीची ‘सुकन्या’. आफताबभाईंनी विचारलं, पोरांचं बारसं हाय का काय ताई? त्यांच्यामुळेच पुढचं सुचलं.

१५ नोव्हेंबर

बारसं झालं. आठ वर्षांच्या घोड्याचं, पण झालं. मी आत्या. दोघांच्या कानात नाव सांगून कुर्र केलं आणि बाकीच्या पोरांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातले की अजून दुखतेय. शकुबाईंनी मात्र शिरा करायला साफ नकार दिला. आबास्नी इचारल्याबिगर मी न्हाय, म्हणाल्या, आणि चूल विझवून बसल्या. चांगल्या कामाला कसली परवानगी?

नकोशीने, नाही, सुकन्याने मला सारखी हाक मारायला लावली. मी अंगणाच्या या टोकाला, ती त्या टोकाला. दरवेळी हसत धावत यायची आणि म्हणायची, पुन्हा.

दुपारच्या पाढ्यांनाही आज सुट्टी दिली. दारं उघडी ठेवून सगळे गाढ झोपलो.

१६ नोव्हेंबर

आजही पाढ्यांना सुट्टी. दुपारी उसातून एक बाई पोराला हाक मारत होती. स्वानंद, ए स्वानंद. आवाज इतका मायेचा की मीही ऐकत राहिले. मला गंमत वाटली, याच नावाचा दुसरा पोरगा जवळपास असणार. दगडू उठून दारापर्यंत गेला होता. त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला. आगाऊपणा पार गेलेला.

१७ नोव्हेंबर

दगडू नाही.

दुपारी जेवायला बसला होता. मी आतून ताक घेऊन आले तर जागा रिकामी, ताटलीही नाही. उकिर्डा म्हणतो, त्यो ओ म्हनला आन गेला. गावातली माणसं आली, पोलीस आले, विहिरी पाहिल्या, कालव्याची चारी पाहिली. संध्याकाळी उसाच्या चौथ्या सरीत ताटली सापडली. घासून, लख्ख धुऊन, सरळ ठेवलेली.

१८ नोव्हेंबर

आबा डोळ्याला पट्टी बांधूनच आले. मला ओरडतील वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्चीत बसून हळू आवाजात बोलत राहिले.

पोरं जगत नसली की जुनी माणसं पुढच्याचं नाव दगड, धोंडा, केर असं ठेवत, म्हणजे मरणालाही ते नकोसं वाटावं. या शिवारात ते फक्त समजुतीपुरतं नाही, म्हणाले. इथे कोणीतरी आहे, तिला मूल हवं आहे, आणि कुणीतरी लाडाने नाव ठेवलेलंच मूल हवं आहे. आश्रम नवा होता तेव्हा त्यांनीही हौसेने छान नावं ठेवली होती. त्यांतली दोन मुलं गेली. तेव्हापासून ही नावं आणि हे पाढे.

मी म्हटलं, मग सुकन्याला परत नकोशी म्हणू. आबांनी मान हलवली. कानात सांगितलेलं नाव पुसता येत नाही. त्यांनी बायकोच्या फोटोकडे पाहिलं.

हे मी केलं. माझ्या हौसेने केलं.

२० नोव्हेंबर

ऊसतोडीची टोळी आबांनी हातापाया पडून लवकर आणली. तिन्ही बाजूंचा ऊस गेला. दगडूचं काही सापडलं नाही. आता खिडकीतून पार नीरा नदीच्या काठापर्यंत दिसतं, लपायला झुडूपही नाही.

बारा वाजता मोकळ्या रानातून हाक आली. सुकन्या. दगडूला आली होती त्यापेक्षा जवळून. आम्ही पाढे ओरडत होतो तरी आली. पोर माझ्या मांडीवर होती. शांतपणे म्हणाली, सोड मला ताई, माझी आई हाय ती.

२१ नोव्हेंबर

तिला घेऊन इंदापूरला निघालो, आबांच्या ओळखीच्या यशोदाबाईंकडे ठेवायला. स्टँडवर बारा वाजले. एवढी गर्दी, कंडक्टरांचा आरडाओरडा, आणि त्यातून तोच आवाज, कुणाच्याच तोंडचा नाही. हात हिसडून ती पळाली. मागे येणाऱ्या एसटीच्या चाकाशी मी तिला पकडलं. तिने माझ्या मनगटाचा कडकडून चावा घेतला आणि मग रडली.

परत आलो. लांब नेऊन उपयोग नाही.

२२ नोव्हेंबर

आबांनी शेवटी सांगितलं. नाव पुसता येत नाही, पण दुसऱ्याला घेता येतं. त्यांच्या बायकोने असंच एका मुलीचं नाव आपल्या कानात सांगून घेतलं होतं. ती मुलगी वाचली, आज लोणी देवकरला कारखान्यात कामाला आहे. बायको तीन दिवस टिकली. तेव्हापासून आबा तिचं कुठलंच नाव घेत नाहीत.

हे नाव मी घेतो, आबा म्हणाले. शकुबाईही म्हणाल्या, माजं वय झालं, मला द्या. पण ठेवलं कुणी? मी.

२३ नोव्हेंबर

झालं. शकुबाईंनी माझ्या कानात सांगितलं. धपाटे कुणी घातले नाहीत.

मग मी अंगणाच्या टोकावरून ओरडले, नकोशे. ती वळली, धावत आली, गूळ मागितला. बारा वाजता हाक आली तेव्हा गूळ चोखत बसली होती. मानही वळवली नाही.

हाक मला ऐकू आली. वाचली पोर. त्या आनंदात रडले.

२४ नोव्हेंबर

माझ्या खोलीचं दार बाहेरून लावायला सांगितलंय. मस्कतचं तिकीट परवाचं.

आज आवाज बदलला होता. ओळखीचा. कुणाचा ते लिहीत नाही —

२५ नोव्हेंबर

बारा. खिडकीच्या अगदी खाली. आईचा आवाज. आई मस्कतला आहे, मला माहीत आहे, आईला हे नाव माहीतसुद्धा नाही —

फोन लावला. आई बोलतेय, खरी आई. बोलत राहा म्हटलं. लिहीत राहिले की तोंड बंद राहतं —

पलीकडच्या खोलीत पाढे. नकोशीचा आवाज सगळ्यांत मोठा. सतरा पाचे चुकली. पुन्हा म्हणतेय. शहाणी माझी.

आई फोनवर थांबली. विचारतेय, तुझ्याकडे कोण हाका मारतंय. विचारतेय, माझ्या आवाजात कोण —

आता फोनमधूनही तेच नाव येतंय. दोन्हीकडून. इतक्या मायेने तर मला कधी कुणी —

नाही. पेन घट्ट धरलंय. नाही द्यायची. आई, मी नाही देणार, मी —

ओ