आतून नवीकोरी

५ एप्रिल, शनिवार

मी शांत आहे. आत्ता लिहिताना पेनाचं टोक वाकलं, पण ते पेनच भिकार होतं.

सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, पाय मोडला. ऑपरेशन नीट झालं. आज हॉस्पिटलमधून परतताना साडू माझ्या गाडीत बसले, कारण त्यांची नवी गाडी सर्व्हिसिंगला. माझ्या गाडीच्या छताचं कापड जरा सुटलंय. जरा! ते साडूंच्या टकलावर टेकलं. तर या गृहस्थांनी अख्खा रस्ता ते दोन बोटांनी वर उचलून धरलं, आणि उतरताना म्हणाले, "तंबूत बसल्यासारखं वाटलं. आता काढून टाका हो ही."

हीसुद्धा हसली. माझी स्वतःची बायको.

सासूबाईंना एकोणीस तारखेला सोडणार. प्लास्टर निघेपर्यंत आमच्याकडे राहतील. साडूंनी परस्पर जाहीर केलं की आणायला तेच जाणार, कारण त्यांच्या सीटमधून गार हवा येते. सीटमधून! माणसाला बसायला जागा लागते की बुडाला पंखा?

निश्चय: सासूबाई माझ्याच गाडीतून येतील. तोवर गाडी आतून नवीकोरी. सगळं घरच्या घरी, किरकोळ खर्चात. यात राग अजिबात नाही. निव्वळ स्वाभिमान.

६ एप्रिल, रविवार. सकाळ

व्हिडिओ पाहिले. अगदी सोपं आहे. सीटला दाढीचं क्रीम, वासाला बेकिंग सोडा, स्टिअरिंगला बुटाचं काळं पॉलिश. लोक उगाच पैसे उधळतात. दुपारपर्यंत आटपेल.

६ एप्रिल. संध्याकाळ

आटपलं नाही.

सुरुवात ड्रायव्हरच्या सीटपासून केली. सीट उपसून काढली. खाली कंगवा, एक चमचा, चिकटून दगड झालेली गोळी आणि कन्येचा शाळेचा बिल्ला निघाला. कन्या आता कॉलेजात आहे. या घरात कोणाला शिस्त म्हणून नाही. चमच्याचा जाब हिला विचारला. ही म्हणाली, तो तुमचाच, औषधाचा. विषय मी वाढवला नाही.

पार्किंगमध्ये सीट धुवायला घेतली तर वॉचमन आडवा आला. म्हणे, पार्किंग म्हणजे गॅरेज नाही. मी त्याच्याशी भांडलो नाही. फक्त मोठ्याने समजावलं. वरचे लोक खिडकीत आले, मग त्यांनाही समजावलं.

सीट वर आणून हॉलमध्ये लाकडी खोक्यावर ठेवली. एका परीने बरंच झालं. पंख्याखाली काम होईल.

८ एप्रिल, मंगळवार

ऑफिसला जाण्याआधी स्टिअरिंगला पॉलिशचा दुसरा हात दिला. आरशासारखं चमकतंय. हात साबणाने धुतले, दोनदा.

मुख्य ऑफिसातून मोठे साहेब आले होते. मी पुढे होऊन शेकहँड केला. साहेबांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत तळहाताकडे. मीटिंगभर ते अधूनमधून तळहाताकडे बघत होते. काही माणसांना छोट्या गोष्टी सोडताच येत नाहीत.

पॉलिशच्या डबीवर कुठेही लिहिलेलं नाही की हे हाताला लागतं. कंपनीला कडक पत्र लिहिणार आहे.

९ एप्रिल, बुधवार

दाढीचं क्रीम सीटला चोपडलं. अख्खी ट्यूब. पुरलं नाही म्हणून कपड्यांचा साबणही. डाग गेले, हे कबूल करावंच लागेल. पण फेस थांबेना. सीट दाबली की फेस. पुसली की फेस. मी बसून पाहिलं, तर चारही बाजूंनी फेस, आणि पँट भिजली.

हॉलभर पाणी झालं. ही काहीतरी म्हणाली. मी काहीतरी म्हणालो. मग जेवायला बसलो. मी अत्यंत शांतपणे जेवलो. ताट जरा जोरात ठेवलं गेलं, एवढंच.

उद्या दाढी करायला क्रीम नाही.

१२ एप्रिल, शनिवार

आज छत. जुनं कापड ओढलं तर त्यामागच्या स्पंजाचा भुगा झालेला, तो सगळा माझ्या डोक्यावर. केसांत, नाकात, चहात. खोकलो तर पिवळी पूड निघाली.

गोंद आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, हा नको, उन्हात सुटेल, तो दुसरा घ्या. दुसरा अर्थातच महाग. ही जात मी पुरती ओळखून आहे. "मला शिकवू नका," असं सांगून स्वस्तातलाच घेतला.

पडद्याचं उरलेलं करडं कापड चिकटवलं. सुंदर! मधोमध एक सुरकुती आली आहे, पण ती डिझाइन म्हणून खपेल. बघाच म्हणावं साडूंना.

१३ एप्रिल, रविवार

सीट वाळली. सीटकव्हर आणलं. पाकिटावर लिहिलंय 'युनिव्हर्सल'. विश्वातल्या सगळ्या गाड्यांना बसतं, माझ्या सोडून. पाठीला ढगळ, खाली आखूड. परत नेलं तर दुकानदार म्हणे, युनिव्हर्सल म्हणजे आपलं साधारण. मी त्याला भाषेचा अर्थ शिकवला. गिऱ्हाइकं निघून गेली. त्याला मी काय करणार?

घरी येऊन कव्हर फेकलं. फेकलं म्हणजे ठेवलं, लांबून. हिने ते मुकाट्याने उचललं, उसवलं, आणि दुपारभर बसून सीटच्या मापाने शिवलं. कंबरेच्या जागी जुन्या उशीचा कापूस भरला. मी देखरेख केली.

सीट अशी काही झाली आहे की काय सांगू! बसलं की उठावंसं वाटत नाही. मनात आणलं तर माणूस काय करू शकतो ते दिसलं. मागची सीटही अशीच करायची होती, पण ही म्हणाली, हात भरून आलेत. लोक चिकाटी कमी पडून मागे राहतात.

१५ एप्रिल, मंगळवार

ऊन. छत खाली.

दार उघडलं तर सगळं करडं कापड स्टिअरिंगवर पसरलेलं. स्टिअरिंगचं काळं त्याला लागलेलं.

गोंदाच्या दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "मी सांगितलं होतं." हे वाक्य उच्चारणाऱ्यांना आत टाकायचा कायदा हवा. मी टेबलावर हात आपटला. टेबलावर गोंदच होता. हात सोडवायला त्यानेच मदत केली, वर पाणी दिलं. ढोंगी माणूस.

कापड टाचण्यांनी टोचून बसवलंय. दुरून टाचण्या दिसत नाहीत. फक्त डोकं वर करायचं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

हॉस्पिटलला गेलो. सासूबाई म्हणाल्या, "अहो, नखं काळी कशाने झाली? माझ्यासाठी गाडी नीट करताय म्हणे. एवढा त्रास कशाला घेता?" म्हटलं, त्रास कसला, आई, हातचा मळ.

साडू होतेच. म्हणाले, "मग? तंबू काय म्हणतोय?" मी हसलो. घरी येईपर्यंत हसत होतो. जबडा दुखतोय.

१८ एप्रिल, शुक्रवार

सुट्टी टाकली. सीट खाली नेली, जागेवर ठेवली, बोल्ट पिळले. शेवटचा बोल्ट घट्ट बसेना म्हणून आणखी पिळला. त्याचं डोकं तुटून हातात आलं. आता ब्रेक दाबला की सीट माझ्यासकट पुढे जाते. छाती स्टिअरिंगवर. हॉर्न वाजतो.

चाकाला लाथ मारली. अंगठा सुजलाय. वॉचमनने पाहिलं.

मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला सोमवारी येतो. त्याच्या धंद्याबद्दल माझं काय मत आहे ते मी त्याला सविस्तर सांगितलं. आता तो बुधवारी येणार आहे.

सीट परत काढली. खाली ठेवली तर चोरीला जायची, म्हणून परत वर. खोक्यावर.

हिला म्हटलं, उद्या रिक्षाने आणू. ही हो म्हणाली. फार पटकन म्हणाली.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी दाराशी साडू. मी बोलावलं नव्हतं. चौकशीअंती कळलं की हिने त्यांना सांगून ठेवलं होतं. कधी? तर सहा तारखेला! त्याच संध्याकाळी, सीट वर आली तेव्हा! म्हणजे मी नाकातोंडात भुगा घेऊन छताशी झुंजत होतो तेव्हा सगळं ठरलेलं होतं.

मी जाब विचारला. आवाज सगळ्या मजल्यांना गेला असेल. ही म्हणाली, "अहो, आईचा पाय आहे. तुमच्या रागावर कसा सोडू?"

साडू बुटांकडे बघत उभे होते. पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

परतताना साडूंच्या गाडीत मी मागे बसलो, वॉकर मांडीवर घेऊन. सीटमधून गार हवा येते. मला नको होती.

२० एप्रिल, रविवार

मोठी बातमी. सासूबाईंना पलंगावर अवघडतं, सोफ्यात रुततात. काल सगळं करून झालं, शेवटी त्या हॉलमधल्या सीटवर टेकल्या. मी बाजूचा खटका ओढून पाठ मागे केली, ही पायाखाली स्टूल घेऊन आली. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, काय छान खुर्ची! कधी घेतलीत?" आणि झोपल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदा सलग झोपल्या म्हणे.

आज साडूंना फोनवर सांगत होत्या, तुमच्या गाडीत पाय फार आखडला हो, इथल्या जावईबापूंनी केलेली खुर्ची बघा येऊन. मी शेजारीच उभा होतो. ऐकू नीट यावं म्हणून टीव्ही बंद केला. हीही ऐकत होती. खुर्ची कोणी शिवली ते बोलली नाही. मीही बोललो नाही.

२३ एप्रिल, बुधवार

मेकॅनिक आला. तुटका बोल्ट काढून नवा बसवला. म्हणाला, आणा सीट.

वर गेलो. सासूबाई सीटवर झोपलेल्या, तोंड किंचित उघडं. ही शेजारी भाजी निवडत होती. तिने मान वर केली, नुसतं पाहिलं. प्लास्टर निघायला अजून दीड महिना आहे.

खाली येऊन मेकॅनिकला म्हटलं, सीट आज नाही. ओरडायची तयारी होती, पण त्याने नुसती मान डोलावली. पाने-पकडी गोळा करून गेला.

मग मी गाडीत मागच्या सीटवर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने कन्या खाली आली. आजीने चहाला बोलावलंय म्हणाली. मग काचेतून आत वाकून विचारलं, "बाबा, तू मागे का बसलायस? चालवणार कोण आहे?"

मी उतरून चहाला वर निघालो. राग काही आला नाही.