दुधातले दहा थेंब

३ मार्च, सोमवार
खूण पेनने केली! आता खोडताही येत नाही.

शिवणयंत्र दुरुस्तीला घेऊन आलेल्या बाई मानसशास्त्रज्ञ निघाल्या. नसलेले आवाज ऐकू येण्याच्या आजारातून जी माणसं सावरली, त्यांना आपल्या आजाराची किती जाण असते, त्या जाणिवेचा बरं होण्याशी काय संबंध — यावर त्यांचं संशोधन. झालं! माझा धाकटा भाऊ पान्हा खाली ठेवून म्हणाला, "मग मला घ्या की! मला यायचे आवाज. नऊ वर्षांत एकदाही नाही. आणि गोळीला हात लावलेला नाही. मनाने ठरवलं, गेले. ही ताई साक्षीला."

बाईंचे डोळे चमकले. नातेवाइकांचा कागद माझ्यापुढे आला. 'सध्या औषध चालू आहे का?' धाकटा समोरच बसलेला. मी 'नाही'वर खूण केली.

७ मार्च, शुक्रवार
इथे तरी खरं लिहिते. रोज सकाळी त्याच्या दुधात दहा थेंब. ना वास, ना चव. गोळ्या तो थुंकून टाकायचा, म्हणून डॉक्टरांनीच दिले. म्हणाले होते, "सध्या असं करा. सावरले की सांगून टाका."

सध्याची नऊ वर्षं झाली! सावरला, पण माझी जीभ रेटेना. आरशात बघून भांग पाडायला लागला होता, गिऱ्हाइकांशी हसायला लागला होता. त्याला कशी सांगू, बाबा रे, हे तुझ्या एकट्याचं नव्हे?

चौथीत शाळा सुटली. पुढचं पुड्यांचे कागद वाचून शिकले. पण हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

११ मार्च, मंगळवार
दूध ढवळतच राहिले. "ताई, साखर विरघळली, आता कप विरघळवतेस का?" म्हणाला. हसले.

१६ मार्च, रविवार
बाईंनी आज रुग्णांची आणि घरच्यांची बैठक ठेवली होती. वीसेक माणसं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला. इतकं छान बोलला! "यंत्राचा धागा सारखा तुटतो, तेव्हा यंत्रावर चिडून उपयोग नसतो. ताण कुठे पडतोय ते बघायचं. मी तसंच केलं." माझा ऊर भरून आला.

मग एक आई उठली. शेजारी तिची मुलगी, विशीबाविशीची. "आमचीही जिद्दीची आहे हो. मग तिच्या गोळ्या थांबवल्या तर?"

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही!" बाई लगेच म्हणाल्या. पण मुलगी बाईंकडे बघतच नव्हती. ती धाकट्याकडे बघत होती.

एका पोरीचा जीव टांगणीला, आणि दोरी माझ्या हातात.

१७ मार्च, सोमवार
बाईंना जाऊन सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. त्यांनी पेन बाजूला ठेवलं, पाणी दिलं. "आजी, मला वाटत होतं, मला फार मोठं काहीतरी सापडलंय." मग फाइलीतून मी भरलेला कागद काढून म्हणाल्या, "हा कागद मी बाद करीन. त्या मुलीच्या आईला आत्ताच फोन करते. पण तुमच्या भावाला मी सांगणार नाही. ते तुम्हीच सांगायचं."

१८ मार्च, मंगळवार
सांगितलं. बाटली टेबलावर ठेवली, स्क्रूंच्या डबीशेजारी.

ओरडला नाही. बाटलीवरचं लेबल दोनदा वाचलं. "रोज?"

"रोज."

"म्हणजे मी जे जे केलं..." बाटली परत टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "त्या आवाजांना तरी मी ओळखून होतो, ताई. तुला नाही ओळखलं."

बाटली उचलून कपाटात ठेवली.

१९ मार्च, बुधवार
दुधाला शिवला नाही.

२१ मार्च, शुक्रवार
आजही नाही. स्वतःचा चहा स्वतः करतो, कपसुद्धा स्वतः विसळतो. तीन दिवस औषध नाही! बाई म्हणाल्या, डॉक्टरांना कळवलंय, सोमवारी दोघं या. तो येईल की नाही देव जाणे.

दुपारी पत्ता विचारत त्या मुलीच्या घरी जाऊन आला. तिला काय सांगितलं, मला बोलला नाही. येऊन थेट यंत्रावर बसला. पायडलचा आवाज नेहमीपेक्षा जड.

२४ मार्च, सोमवार
सकाळी कपाट उघडून बाटली त्यानेच काढली. माझ्यासमोर दहा थेंब मोजले, पाण्यात. प्यायला. डॉक्टरांकडे जायला चपला घालता घालता विचारलं, "मागे तुझ्या पायाचं ऑपरेशन झालं, तू तीन आठवडे दवाखान्यात होतीस. तेव्हा दुधात कोण घालत होतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "पण तेव्हा तुला काही झालं नाही ना!"

"झालं होतं. आवाज परत आले होते. तू घाबरशील म्हणून बोललो नाही. तू घरी आलीस आणि पाचसहा दिवसांत थांबले." चपलेचा पट्टा लावत राहिला. वर बघितलं नाही. "मला वाटायचं, तुला बघून गप्प बसतात."