उचलायचं नाही

४ मार्च
पोचलो एकदाचा! घरून, ओशाकातीहून, छोट्या विमानाने येताना हाडं खिळखिळी झाली, पण उतरताच मन खूश झालं. पुढे वाळू, मागे वाळू, मधे पत्र्याच्या छपराची एक खोली, तिला हे लोक विमानतळ म्हणतात. हिऱ्यांच्या खाणीचं गाव म्हणून मी झगमगाटाची स्वप्नं बघत आलो होतो. इथे दिव्याच्या खांबालाही गंज चढलाय. असो. पगार चांगला, घर फुकट. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. जम बसला की बायको न्दिनेलाओ आणि तान्ही लेक मागानो, दोघींना इकडेच आणणार.

काम सोपं आहे. गाव सोडणाऱ्या प्रत्येकाला यंत्रात उभं करायचं आणि पडद्यावर त्याचं पोट बघायचं. हिरा गिळलेला दिसला तर लाल बटण, म्हणजे बाजूच्या खोलीत झडती. नाहीतर हिरवं बटण, की चालला विमानाकडे. येणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

शिकवायला ऑमा ग्रिएटा आहे, इथल्या नामा लोकांतली म्हातारी; ऑमा म्हणजे आजी. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, जमिनीवर पडलेलं काही उचलायचं नाही. टोपी पडली, गेली. नाणं पडलं, गेलं. मी विचारलं, आणि दात पडला तर? म्हणाली, तोही खाणीचा, आणि तुझे तर फार पुढे आलेत, सांभाळ.

१९ मार्च
गंमतच आहे. रांगेत कुणाची किल्ली पडली तर सगळे वर पत्र्याकडे बघतात, जणू किल्ली उडून गेली. कंपनीने धाक तरी किती घालावा! पडद्यावर मला सगळ्यांचा नाश्ता दिसतो. आज एका जाड्या फोरमनच्या पोटात पाच फॅटकेक होते, तळलेल्या पिठाचे चांगले मूठभर गोळे. त्याला मोजून सांगितले तर म्हणाला, माझ्या बायकोला कळवू नकोस, बाबा.

२ एप्रिल
आज जे पाहिलं ते लिहूनच ठेवतो.
येसाया नावाचा जुना ड्रिलर नोकरी सोडून कायमचा घरी निघाला होता. काल वाऱ्याने टोपी उडाली आणि निरोपाच्या आनंदात त्याने ती वाकून उचलली, असं लोक कुजबुजत होते. तो यंत्रात उभा राहिला. बरगड्यांच्या आत फुप्फुसं नव्हती. वाळू होती. पोत्यात रवा बसावा तशी बसलेली, आणि हळूहळू वर चढत होती.
ऑमा म्हणाली, लाल. मी दाबलं. येसाया माझी थट्टा करतच बाजूच्या खोलीत गेला. विमान गेलं. तो बाहेर आला नाही. ऑमा लांब दांड्याचा झाडू घेऊन आत गेली. बाहेर कोणीतरी हसलं, म्हणालं, म्हातारा एका टोपीत गेला.

३ एप्रिल
ऑमाला विचारलं, हिरवं दाबलं असतं तर? म्हणाली, एकाने दाबलं होतं. विमान नीट उतरलं, पण दार उघडल्यावर आत नुसती वाळू. मग माणसाला घरीच ठेवलं तर? तर घर भरतं, म्हणाली. शेजारच्यांसकट.
मला भीती वाटते. उघड लिहितो, फार भीती वाटते.

११ एप्रिल
न्दिनेलाओला फोन केला, येऊ नकोस. कारण धड सांगता आलं नाही. ती म्हणाली, कोण आहे ती? नाव तरी सांग.

२३ एप्रिल
आली. न सांगता. मागानोला पाठीशी बांधून विमानातून उतरली आणि म्हणाली, कुठाय सवत?
पोर हसली मला बघून. मी रडलो.
सगळं सांगितलं. तिला पटत नाही. वाळूचं भूत म्हणे! निदान खोटं तरी चांगलं बोल.

२४ एप्रिल
परत पाठवायचं ठरलं. रुसून का होईना, तयार झाली. पुढच्या विमानापर्यंत दोघींना पलंगावरून उतरू देत नाही. शिव्या खातोय. खाईन.

२७ एप्रिल. विमानतळ
दारातच मागानो निसटली. पाठीवरचं फडकं सैल झालं आणि पोर पडली वाळूत.
सगळी रांग वर पत्र्याकडे बघत होती.
न्दिनेलाओ वाकली. आईच ती. वाकणारच.
मी ओरडलो होतो. खरंच ओरडलो होतो.

ऑमा म्हणते, पडलेल्याला वाळू काही करत नाही. उचलणाऱ्याला करते.

नंतर
पडद्यावर पोर स्वच्छ. आई गळ्यापर्यंत—
ती काचेतून माझ्याकडे बघून हसली. रुसवा गेला होता.
मागचे ओरडत होते, दाब की लवकर, विमान चुकेल. त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं.
पोर तिच्याकडून मागून घेतली. म्हटलं, झडती आहे, दोन मिनिटं.
लाल दाबलं. मी. माझ्या हाताने.

विमान गेलं.

बाजूच्या खोलीत बसून लिहितोय. ऑमाने झाडू हातात दिला. तुझं माणूस, तू झाडायचंस, म्हणाली.
ढीग लहानसाच आहे. वर तिचं फडकं.
माझ्याने होत नाही—

मागानो मांडीवरून उतरली. रांगत गेली. ढिगात बसली आहे. आईचा वास येत असेल—
आता रडते आहे. उचलून घे म्हणून दोन्ही हात वर केलेत, माझ्याकडे—
ऑमा दारातून सांगते आहे, राहू दे तिला, वाकू नकोस—
पोर माझी—

मी