गोधडीवालीचे घर, कात्री आणि नक्षीची पुस्तके

मी, खाली डाव्या हाताचा अंगठा उठवणारी, जिला सगळी गल्ली गोधडीवाली म्हणून ओळखते, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकदपटशाला बळी न पडता हे मृत्युपत्र सांगून लिहून घेत आहे. धाकदपटशा म्हणजे काय हे मला शिकवायची गरज नाही. तो घरात असला की घशाला कोरड पडते, आणि आज माझी जीभ कशी चालते आहे ते समोर बसलेले डॉक्टर बघतच आहेत. माझे खुब्याचे हाड मोडले आहे, उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, छातीत पाणी भरत चालले आहे. डोके मात्र शाबूत आहे. मजकूर लिहिणाऱ्या वकीलबाईंनी मृत्युपत्रात शिव्या नसाव्यात असे दोनदा सुचवले. त्यांच्या शब्दाला मान देऊन शिव्या गाळल्या आहेत. एखादे वाक्य मध्येच तुटल्यासारखे वाटले तर वाचणाऱ्याने आपल्या मनाने भर घालावी.

कलम १. घर.

रस्त्यालगतचे माझे दुमजली घर, खालची कामाची खोली, वरच्या दोन खोल्या, जिना आणि मागची मोरी यांसह, माझ्या सुनेला द्यावे. हे घर माझे स्वकष्टार्जित आहे. गोधड्या शिवून शिवून मी ते उभे केले. माझ्या मरून गेलेल्या नवऱ्याने यात एक खिळाही ठोकला नाही. त्याने ठोकले ते फक्त मला.

माझ्या एकुलत्या एक मुलाला या घराची एक वीटही मिळू नये. कारण विचारले जाईल, म्हणून देते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने सुनेचे डोके नळावर आपटले. पुढच्या वर्षी शर्टाचे बटण तुटके राहिले म्हणून तिचे मनगट पिरगळून मोडले. तेव्हा मी त्यांच्या भाड्याच्या घरी गेले आणि तिला नेसत्या कपड्यांनिशी इकडे घेऊन आले. तो दारात आडवा आला होता. माझ्या पिशवीत इस्त्री होती. गरम नव्हती, पण जड होती. त्याला पुढचे दोन दात नाहीत ते तेव्हापासून. त्याच्या बापावर हात उचलायला मी फार वर्षे लावली. मुलाच्या बाबतीत उशीर केला नाही.

घर देताना सुनेवर एक अट घालत आहे. माझ्या पश्चात तिने माझ्या मुलाला एका रात्रीपुरतेही या घरात घेतले, किंवा ती त्याच्याकडे नांदायला परत गेली, तर घर तिच्याकडून काढून निराधार स्त्रियांच्या वसतिगृहाला द्यावे. ही अट कडक आहे हे मला ठाऊक आहे. पोरगी मऊ काळजाची आहे. ती कशी ते पुढच्या कलमात येईल.

कलम २. निळ्या काठाची गोधडी.

ही मधोमध फाटलेली, रक्ताचे डाग पडलेली गोधडी माझ्या मुलाला द्यावी. तो तिच्यात राहून आलेला आहे.

झाले ते असे. खालच्या खोलीत लाकडी चौकटीवर ही गोधडी ताणलेली होती. चार बाजूंना आम्ही चौघी बसलो होतो: मी, शिंपीणबाई, नर्सबाई आणि मास्तरीणबाई. आम्ही चौघी कित्येक वर्षे अशाच बसत आलो आहोत. सूनबाई कोपऱ्यात सुया ओवून देत होती. मुलगा आला तो सरळ तिच्या वेणीला हात घालून. "घरी चल," म्हणाला, आणि तिला चौकटीवरून ओढले. कापडात उभ्या राहिलेल्या सुया तिच्या गालात आणि मानेत शिरल्या. ती ओरडली. मग नर्सबाई उठल्या, चौकटीची सुटलेली दांडी उचलली आणि त्याच्या गुडघ्याच्या मागे घातली. तो आडवा झाला तो गोधडीवरच. शिंपीणबाईंनी दोन्ही कडा त्याच्या अंगावर टाकल्या आणि आम्ही त्याच्यावर बसलो. मास्तरीणबाईंचे वजन आजवर चेष्टेचा विषय होता. त्या दिवशी मी त्याबद्दल देवाचे आभार मानले.

"शिवा!" मी म्हटले. "कच्चा टाका घाला, पोलीस येईपर्यंत टिकला म्हणजे झालं."

आता शिंपीणबाईंचा हात. चाळीस वर्षे पक्के शिवलेला हात, तो कच्चा टाका घालणार कसा? मेण लावलेला दुहेरी दोरा, प्रत्येक टाक्याला गाठ, आणि वर डोक्याकडची बाजूही दुमडून बंद. दाभण दोन वेळा त्याच्या मांडीतून गेले. तो आतून गुरासारखा हंबरत होता, आणि नर्सबाई सवयीने विचारत होत्या, "आवळलं का हो जास्त?" मी खोटे कशाला बोलू, आम्हाला मजा येत होती. इतक्या वर्षांत आम्ही चौघींनी मार खाल्ला, चौघींनी झाकला, आणि आज पहिल्यांदा एक पुरुष आमच्या हातांखाली तडफडत होता.

आणि सूनबाईने काय केले? माझी मोठी कात्री घेतली आणि एका बाजूने टाके कापले. तो बाहेर आला तो निळाजांभळा, आणि पहिला मोकळा झालेला हात त्याने तिच्याच गळ्यावर घातला. नर्सबाईंना त्याची करंगळी मोडावी लागली तेव्हा पकड सुटली. तिच्या गळ्यावर त्याच्या बोटांचे वळ पुढे कितीतरी दिवस होते. ते बघून माझा जीव तुटायचा आणि रागही यायचा. ज्याने सुयांवरून ओढले त्याची दया! म्हणून ती अट.

पोलिसांनी त्याला नेले, पण पुढे तो सुटला. मग एका दुपारी मी घरात एकटी असताना आला. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होते. "घर कुणाच्या नावावर करतेस, म्हातारे?" एवढेच विचारले आणि दोन्ही हातांनी ढकलले. मी घसरले नाही, मला चक्कर आली नाही, पदर पायात आला नाही. त्याने ढकलले. पोलिसांना हेच सांगितले आहे, इथेही हेच लिहा. तो सध्या जामिनावर आहे आणि मी अंथरुणावर.

कलम ३. अवजारे.

लोखंडी मोठी कात्री सूनबाईला. कागदाने धार जाते, तिने त्या कात्रीने कागद कापला तर मी भूत होऊन येईन. चौकट शिंपीणबाईंना. वर उल्लेखलेली इस्त्री नर्सबाईंना, कारण त्यांना वजन कळते. सुई टोचू नये म्हणून घालते ते माझे पितळी अंगुस्तान माझ्या बोटात राहू द्यावे आणि तसेच मला न्यावे. प्रेताला माझ्या मुलाचा हात लागू नये.

कलम ४. नक्षीची पुस्तके.

कपाटातील नक्षीची सर्व पुस्तके कोणा एकीच्या मालकीची नाहीत. ती आम्हा चौघींच्या घरांतून फिरत असतात आणि तशीच फिरत राहावीत. आमचा नियम माहीत नसलेल्यांसाठी: जिच्या घरी पुस्तक जाईल तिने त्यातली हवी ती नक्षी उतरवून घ्यावी, पण पुस्तक परत करताना स्वतःची एक नवी नक्षी काढून, शेजारी कापडाचा नमुना टाचून द्यावी. फुकट काही न्यायचे नाही. आणि आपली नक्षी दुसरीने शिवली तर "ही माझी" असे म्हणायचे नाही.

मास्तरीणबाईंनी हा नियम मोडला. माझी टोकदार तुकड्यांची नक्षी त्यांनी प्रदर्शनात स्वतःच्या नावाने मांडली, "उगवता तारा" असे नाव दिले आणि बक्षीस घेऊन आल्या. मी इतकी वर्षे गप्प राहिले. आता ऐका. तो तारा नाही. माझ्या नवऱ्याने माझे तोंड कपाटाच्या आरशात घातले तेव्हा आरसा तसा फुटला होता. मधोमध माझे कपाळ टेकले होते, तिथून तडे चारी बाजूंना गेले होते. कपाळातली काच नर्सबाईंनी चिमट्याने काढली, आणि ती निघत असताना मी त्या तुकड्यांकडेच बघत होते. हे लांबट, हे आखूड, हा तुकडा करड्या कापडाचा, कडेला पांढरे. दुसऱ्या दिवशी ती नक्षी पुस्तकात उतरवली. आज गावातली निम्मी तान्ही बाळे त्या आरशाखाली झोपतात. मास्तरीणबाई, बक्षीस तुमच्याकडेच ठेवा. पण नाव बदला.

लोक विचारतात, बाई, तुम्हाला सुचते कुठून? शिंपीणबाईंना खिडकीच्या जाळीवरून सुचते, नर्सबाईंना दवाखान्याच्या फरशीवरून. मला फुटलेल्या गोष्टींवरून सुचते. या घरात कधी टंचाई पडली नाही.

सूनबाईच्या हाती पुस्तक प्रथम गेले तेव्हा तिने ते काहीच न काढता परत दिले. "मला नाही सुचत," म्हणाली. मी सगळ्यांसमोर तिला फाडून खाल्ले. मला जिन्यावरून ढकलले त्यानंतर तिने जिना धुतला, आणि त्याच आठवड्यात पुस्तकात तिचे पहिले पान आले: काळ्या करड्या पट्ट्या, पायऱ्यांसारख्या उतरत जाणाऱ्या, आणि तळाशी लाल तुकडा. मी पडल्या पडल्या बघितले. "लाल कमी पडलंय," म्हटले. तिने निमूटपणे आणखी एक तुकडा टाचला. नक्षी उत्तम आहे. हे तिला मी सांगितलेले नाही, इथे सांगते.

दुरुस्ती.

वरील मजकूर मला वाचून दाखवला जात असताना सूनबाई औषध घेऊन आत आली. कलम एकमधली अट तिच्या कानावर पडली. तिने औषधाची वाटी खाली ठेवली. पुढचे बोलणे वकीलबाईंना लिहायचे नव्हते. मी लिहायला लावले.

"आई, हे काय लिहिलंय?"

"तुझ्या भल्याचं आहे."

"तुमचा मुलगाही असंच म्हणायचा. प्रत्येक वेळी मारताना."

मला संताप आला. मी म्हटले, "जीभ फुटली वाटतं! मग त्या दिवशी कुठं गेली होतीस? आम्ही चौघींनी जिवावर उदार होऊन त्याला शिवलं, आणि तू उसवलंस. नवऱ्याची दया आली. उद्या मी डोळे मिटले की दारात येऊन रडेल, आणि तू दार उघडशील!"

"दया?" ती म्हणाली. तिचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता. "आतला आवाज बंद झाला होता, आई. हातपाय हलायचे थांबले होते. तुम्ही चौघी गाठी मारण्यात दंग होतात, कुणाचं लक्ष नव्हतं. अजून थोडा वेळ गेला असता तर तो मेला असता आणि तुम्ही चौघी खुनाच्या आरोपाखाली आत गेला असतात. ज्या घरात मला पहिल्यांदा कुणी मारलं नाही, ते घर गेलं असतं. मी त्याच्यासाठी नाही उसवलं. तुमच्यासाठी उसवलं."

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. वकीलबाईंचे पेन थांबले. तिच्या गळ्यावरचे ते वळ मी रोज बघत होते आणि मनातल्या मनात तिला नेभळट म्हणत होते. ते तिने माझ्यापायी अंगावर घेतले होते. मी रडले. हे मृत्युपत्रात येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. येते, मी म्हटले, लिहा.

सबब, कलम एकमधील अट संपूर्ण खोडण्यात येत आहे. घर सूनबाईचे, कोणत्याही अटीशिवाय. तिने ते राखावे, विकावे, हवे त्याला आत घ्यावे, हवे त्याला बाहेर ठेवावे. माझ्या मुलाने तिला दाखवला तेवढा धाक पुरे, तोच मी माझ्या मागे ठेवून जाणार नाही. खोडलेल्या मजकुरावर माझा अंगठा आहे.

खोडून झाल्यावर मी तिला विचारले, "आणि खरंच आला दारात, तर?"

"दार आता माझं ना?"

"तुझंच."

"मग नाही उघडणार," ती म्हणाली, आणि मला औषध पाजले.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, आणि यापुढे करायला वेळ मिळेल असे डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून वाटत नाही. मजकूर पुन्हा वाचून घेतला, समजला, कबूल आहे. अंगठा मी स्वतः उठवला. सूनबाई हात धरायला पुढे आली होती, तिला वारस म्हणून लांब उभे राहावे लागले.

(डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी)
गोधडीवाली

साक्षीदार पहिले: गल्लीतले डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर असल्याचे मी तपासून लिहून देतो. (सही)

साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरचे दोरेवाले दुकानदार. माझ्यासमोर अंगठा झाला. (सही)

मजकूर लिहिणार: वकीलबाई. शिव्या वगळून सर्व बाईंच्याच शब्दांत. (सही)

ठिकाण: राहते घर, खालची खोली.
दिनांक: चौदा, बुधवार, दुपार.