उभ्याने लिहायचं टेबल

५ नोव्हेंबर २००६, वणी

स्वरयंत्रावर गाठी. परवा यवतमाळला डॉक्टरांनी आरसा घशात घालून सांगितलं. ९ डिसेंबरच्या तपासणीपर्यंत तोंड बंद, कुजबुजसुद्धा नाही. ऐकलं नाही तर ऑपरेशन, आणि मग आवाज कसा येईल याची हमी नाही. माइक नसलेल्या गावांत जन्मभर ओरडले त्याचं हे फळ. आणि १७ डिसेंबरला कापूस वेचणाऱ्या बायांची परिषद, मुख्य भाषण माझं. पत्रक अजून छापायचंय, पण बायांमध्ये नाव कधीच फिरलंय.

आज प्रज्ञाने नागपूरहून तिचा जुना कॉम्प्युटर ट्रॅव्हल्समध्ये टाकून धाडला. फोनवर ती बोलली, मी रिसिव्हरवर टकटक केलं. "आई, भाषण लिहून काढ. वाचायला कोणी ना कोणी मिळेल. आणि धड टेबल घे गं, पलंगावर पोक काढून बसू नको." पोरगी आईला बसायला शिकवते आहे! पण खोकी मी लगेच उघडली.

७ नोव्हें.

टेबल आलं. रहीमभाई सुतारांनी केलेलं; विहारातलं भाषणाचं स्टँडही त्यांचंच. हे सागवानी, साधं, कडा घासून गोल केलेल्या. ते म्हणाले, "मॅडम, इसपे हात रखके देखो, कोपर दुखेगा नहीं." खरंच दुखत नाही.

भांडण जागेवरून. सुधाकर म्हणतो, प्लग भिंतीत आहे, टेबल भिंतीला लावू. (लग्नापासून मी त्याला नावानेच हाक मारते, सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही.) मी पाटीवर लिहिलं: "जन्मभर लोकांकडे तोंड करून उभी राहिले. आता भिंतीकडे तोंड करून लिहू?" तो म्हणाला, "भिंत तरी मधातून उठून जात नाही." हसले. आवाज न करता हसणं फार अवघड आहे, पोट दुखतं.

शेवटी टेबल फिरवलं. समोर खिडकी, खिडकीबाहेर रस्ता. कापसाच्या गाड्या मार्केटकडे जाताना दिसतात. वायर खोलीच्या मधून गेली, तिच्यावर बारदान टाकलं.

९ नोव्हें.

खुर्ची! चाकांची, गोल फिरणारी. बसले आणि हळूहळू मोरीकडे निघाले. फरशीला उतार आहे, पाणी वाहून जावं म्हणून दिलेला. दोन वाक्यं लिहिली की मी दारात. सु. चहा घेऊन आला तेव्हा मी टेबलापासून हातभर लांब, हात पुढे केलेले. "प्रचाराले निघाली का?" म्हणे. आता चाकांखालीही बारदान. या घरात कापूस नाही, पण त्याची पोती जिकडेतिकडे.

कॉम्प्युटरचा पडदा फार खाली आहे, मान दुखते. खाली जाड पुस्तकं ठेवली. अर्थशास्त्राचे दोन खंड आणि शब्दकोश. तासाभरात काढले. ज्या पुस्तकांनी मला उभं केलं ती यंत्राखाली दाबायची? आणि दर तिसऱ्या वाक्याला शब्दकोश लागतो, तेव्हा पडदा उचला! विटा आणल्या, धुतल्या, वर जुन्या साडीचा तुकडा. झकास.

१२ नोव्हें.

बोटांना अक्षरं सापडू लागली. प्रज्ञाने कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावून दिल्यात. 'क्ष' सापडला तेव्हा टाळी वाजवली.

एक कळ अशी आहे की लिहिलेलं मागे मागे पुसत जाते. याची गंमत आणि भीती दोन्ही वाटते. सभेत एकदा सुटलेलं वाक्य परत घेता येत नाही. घाटंजीला एका पुढाऱ्याला तोंडावर बोलले होते ते आजवर परत घेतलेलं नाही, घेणारही नाही. इथे मात्र रागाचं वाक्य लिहावं आणि चहा येईपर्यंत पुसून टाकावं.

दुपारी लोडशेडिंग. आज वेळेआधी. दीड पान गेलं. कॉम्प्युटरसोबत आलेला बॅटरीचा डबा पीं पीं करत होता, तो कशाला ते मला माहीत नव्हतं. एरवी मी वीज कंपनीला अशी ऐकवली असती की चौकात ऐकू गेलं असतं. ओरडताही येईना! पायाने फरशी आपटली. शेजारून सुनंदा धावत आली, "काय झालं ताई, विंचू का?"

संध्याकाळी सु.ने शिकवलं: पीं पीं झालं की पाच मिनिटं हातात असतात. आधी जतन कर, मग चिड.

१५ नोव्हें.

या गावात हवेतून दोनच गोष्टी येतात, काळा कोळसा आणि रेच्यावर सरकी काढताना उडणारं कापसाचं पांढरं पीस. सु. राजूरच्या खाणीतून निवृत्त झाला, तरी उशी झटकली की काळं पडतंच. आता जिनिंग सुरू, खिडकी उघडी, टेबलावर पीस पसरलेलं. सुनंदाला ते पाहवलं नाही. तिने दोन रात्री बसून कॉम्प्युटरच्या डब्याला गोधडी शिवली. खरी गोधडी, सहा पदरी, कडेला लाल पट्टी, मापात अगदी बरोबर.

ती डब्यावर घालून मी जोरात लिहीत होते. मध्येच सगळं बंद. परत सुरू केलं, परत बंद. डब्याला हात लावला तर तापलेला तवा.

सुनंदा तोंडावर पदर घेऊन, "काहून ताई, त्याले थंडी नाही वाजत?"

सु.ने सांगितलं तेव्हा प्रज्ञा फोनवर इतकी हसली की बोलता येईना तिला. डब्याला श्वास घ्यायला भोकं असतात म्हणे. आता गोधडी फक्त बंद असताना. सुनंदाचा राग गेला नाही. "माह्या हातची गोधडी पांघरून कोणी बंद नाही पडलं आजवर."

१८ नोव्हें.

पाटी फेकली! सुनंदा स्टुलावर बसते, तोंडाने बोलते. मी टाइप करते, ती पडद्यावर वाचते. काय मजा आहे यात. फक्त भांडण असं होत नाही. मी उत्तर जुळवेपर्यंत तिची तीन वाक्यं होतात. आज शेताच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव का हवं यावर वाद. मी लिहिलं, मालकी नाही तर आवाज नाही. ती म्हणे, "नाव लावलं अन् कर्ज बी माह्याच नावावर आलं तं?" मी 'कर्ज' या शब्दापर्यंत पोचले नव्हते तर ती उठून भाकरी टाकायला गेली.

चार एकर आहे त्यांचं राजूर रस्त्याला. नवऱ्याच्या नावावर. मार्केटला गाडी तोच नेतो. वेचते ती.

२१ नोव्हें.

भाषण पूर्ण! नऊ पानं. आकडे, इतिहास, मागण्या, सगळं जागच्या जागी. कॅफेवाल्याकडून छापून आणलं. टेबल-खुर्ची इतकी जमली आहे की उठावंसं वाटत नाही. पाठीला उशी, पायाखाली पाट, हाताला लोड.

सु.ला वाचायला दिलं. त्याने माझी सगळी भाषणं ऐकलीत, बरीचशी मागच्या रांगेतून, सायकलला टेकून. त्याने सावकाश वाचलं, चष्मा काढला.

"चांगलं आहे."

मी भुवया वर केल्या.

"चांगलं आहे म्हन्लं ना. एखाद्या प्राध्यापकानं लिहिल्यासारखं. हे तू नाही बोलून राह्यली शीला. हे कोणी तरी जेवून बसलेलं मानूस बोलून राह्यलं."

मोरीत जाऊन तोंड धुतलं. मग परत वाचलं. बरोबर आहे त्याचं. "अवमूल्यन होत असल्याचे दिसून येते"! कोणाला दिसून येते? गाड्या भरभरून समित्या येतात, पाण्याच्या बाटल्या पिऊन जातात, त्यांच्या अहवालातलं वाक्य माझ्या टेबलावर कुठून आलं?

२२ नोव्हें.

सापडलं. खुर्ची! बसून मी आजवर एकही खरं वाक्य बोललेले नाही. जेवताना, बसमध्ये, बैठकीत मी बरी असते, समजूतदार असते. उभी राहिले की दुसरीच.

खुर्ची बाहेर काढली. रहीमभाईंना निरोप. ते आले, ऐकलं (म्हणजे वाचलं), डोकं खाजवलं. "पैर बढाऊं? टेबल को लोग बैठने के लिए बनवाते हैं, मॅडम." मी टेबलासमोर उभी राहिले, दोन्ही हात त्याच्या कडांवर, जसे भाषणाच्या स्टँडवर ठेवते तसे. तेव्हा त्यांना समजलं. कोपराची उंची मापली आणि चार लाकडी खुर पायांखाली बसवून दिले. डगमगत नाही. पडद्याखाली आणखी दोन विटा.

उभी राहिले. समोर रस्ता. कळांवर बोटं. पहिलं वाक्य एका दमात टाइप केलं.

२५ नोव्हें.

लिहिते आहे! जुनी नऊ पानं काढून टाकली. पाय भरून येतात, खाली गोणपाटाची घडी टाकली, बरं वाटतं. वाक्य आधी पायात येतं, मग हातात. एका हाताने टाइप, दुसरा हवेत. सु. म्हणतो खिडकीतून बघणाऱ्यांना वाटेल बाई कोणाला तरी दटावून राह्यली. वाटू दे.

पुसायची कळ आज फक्त चुकलेल्या अक्षरासाठी.

२९ नोव्हें.

वाचणार कोण, हा प्रश्न. संयोजक वानखडे सरांनी कॉलेजच्या एका मॅडमचं नाव सुचवलं. सुनंदा स्टुलावर होती. ती एकदम म्हणाली, "मी वाचून पाहू का?"

दहावी शिकलेली. टेबलासमोर उभी केली. तिला टेबल उंच पडलं, पाट दिला. पहिल्या ओळी अडखळत. मग तिला कळलं की मी इथे कशी बोलले असते, आणि तिने माझी नक्कल केली! उजवा हात, मान, मध्येच थांबून गर्दीकडे बघणं. सु. हसून हसून खाली बसला. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं, एकाच वेळी. माझा आवाज दुसऱ्या गळ्यातून आला. बरा आला.

३ डिसेंबर

जोरदार वाजलं आज. सुनंदा वाचताना मागण्यांचा भाग सोडून देते. "ते कंटाळवाणं आहे ताई, बाया उठून जातीन." मी टेबल बडवून टाइप केलं: मागणी नसलेलं भाषण म्हणजे रडगाणं. सात मागण्यांसाठी परिषद आहे, टाळ्यांसाठी नाही. ती म्हणे, "मंग तुमच्या सात तुमीच वाचा, बंदी उठली की." कागद टेबलावर ठेवून गेली.

माझंच बरोबर आहे. तरीही दिवसभर चुकल्यासारखं झालं.

संध्याकाळी परत आली. दारातूनच म्हणाली, "सातच्या तीन करा. तीन पाठ होतात." मी पाच लिहिलं. चारवर तोडगा. पहिली मागणी तिने सांगितली, मी टाइप केली: सातबाऱ्यावर बाईचं नाव. मी तिच्याकडे पाहिलं. "काय पाहता? वाद तुमच्याशी होता. मागणी माही आहे."

७ डिसें.

आज तिने कागद न बघता म्हटलं. सगळं नाही. सुरुवात माझी, मध्ये स्वतःचं घुसवलं: वेचणीला जाताना नवऱ्याच्या डब्यात दोन भाज्या, हिच्या डब्यात ठेचा, आणि मार्केटमध्ये नाव त्याचं. माझ्या लिखाणात हे कुठेच नव्हतं. मला सुचलंही नसतं, मी डबे कधी तसे बघितलेच नाहीत. मग ती चारही मागण्यांवर आली, एकेक करून. थांबली तेव्हा खिडकीबाहेर एक गाडीवाला बैल थांबवून ऐकत होता. सुनंदाने खिडकी लावून घेतली.

९ डिसें.

यवतमाळ. आरसा परत घशात. गाठी बऱ्याच उतरल्या! डॉक्टर खूश. उद्यापासून थोडं थोडं बोला. मी लिहून विचारलं, १७ला भाषण? ते म्हणाले, "दहा मिनिटं. माइकवर, न ओरडता. जमेल तुम्हाला न ओरडणं? नाही जमलं तर मग माझ्याकडे ऑपरेशनलाच या."

एसटीत सु. म्हणाला, "दहा मिनिटं त तू नमस्कारालेच घेते." मी खिडकीबाहेर बघत राहिले. दहा मिनिटं मला आहेत! वणी येईपर्यंत सुरुवातीची तीन वाक्यं तयार होती. न ओरडता म्हणायची. ती न ओरडता म्हणता येणार नाहीत हेही वणी येईपर्यंत कळलं होतं.

१० डिसें.

सकाळी वानखडे सरांचा फोन, सु.ने घेतला. पत्रक आज छापायला जातंय. सुनंदा वाचणार हे सु.ने त्यांना कळवलंच होतं, पण मुख्य भाषण म्हणून एकच नाव बसतं, दोघींचं नको, लोक गोंधळतात. शीलाताईंना बरं वाटतंय म्हणे, मग त्यांचंच टाकतो. मी हातानेच थांब म्हटलं. सु. म्हणाला, "थांबा, दुपारी सांगते म्हन्ते."

सुनंदाला ना परवानगीचं माहीत, ना या फोनचं. ती सकाळी येऊन पाटावर उभी राहिली, दोनदा म्हणून गेली. दुसऱ्या वेळी मी डोळे मिटून ऐकलं. एका ठिकाणी मी असते तर थांबले नसते, ती थांबली. दुसऱ्या ठिकाणी मी असते तर सभा पेटवली असती, ती पुढे निघून गेली. ते ठिकाण अजून माझ्या डोक्यात ठणकतंय.

टेबलाशी उभी आहे. दोन्ही नावं एकाखाली एक टाइप केली. मोठ्या अक्षरात. एक पुसलं, परत आणलं. मग दुसरं.

सु. म्हणतो, या वेळी मी नाही सांगणार, तूच सांग, आता परवानगी आहे. म्हणजे महिन्याभराने माझ्या तोंडून पहिला शब्द निघेल तो एक नाव असेल. आवाज कसा निघेल तेही माहीत नाही. घसा खाकरायला बंदी आहे.

पाणी प्यायले. फोन वाजतो आहे.