पुस्तक कुणीकडून धरायचं

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तरी वाकलो असं समज.) तुझा गुडघा जिना चढू देतो का? भावजींचा खोकला कसा आहे? इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो; खरं तर मंगळवारपासून माझं कशात लक्ष नाही.

मंगळवारी आमच्या शेंडेफळाची, मुंगीची, शाळेत वाचनाची चाचणी होती. परीक्षा नव्हे, मूल पुस्तक कसं हाताळतं, बोट कुठे ठेवतं, एवढं फक्त बघायचं, असं बाई म्हणाल्या होत्या. ('फक्त बघायचं' असं दात उपटणारा डॉक्टरही म्हणाला होता.) कच्ची निघाली तर पहिलीत न घालता आणखी वर्षभर लहान गटात ठेवणार, तिची एकुलती एक मैत्रीण पुढे जाणार आणि ही मागे. मला मुलांच्याच खुर्चीवर बसवलं. गुडघे हनुवटीला टेकले होते. मनात देवाचं नाव घेत होतो.

बाईंनी पुस्तक तिच्यापुढे उलटं ठेवलं. (मुद्दाम ठेवतात, मूल सुलट करतं का ते पाहायला, हे मला नंतर कळलं.) मुंगीने ते तसंच राहू दिलं, खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि डावीकडे सरकवत घडाघडा वाचू लागली. बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी पुस्तक सुलट केलं. मुंगीने पुन्हा फिरवलं. "बाई, असं असतं," म्हणाली, अगदी समजुतीच्या सुरात.

ताई, माझा जन्म पोस्टातल्या पार्सलच्या खिडकीमागे गेला. माणूस समोर असल्याशिवाय मला त्याच्याशी बोलताच येत नाही. आपण देवाच्याही समोरच बसतो, शेजारी नाही. तसाच रोज मुंगीच्या समोर बसून, पुस्तक माझ्याकडे तोंड करून ठेवून, बोट फिरवत वाचून दाखवायचो. तिने पलीकडून जे दिसलं ते शिकून घेतलं.

बाई हसल्या नाहीत, याचीच जास्त भीती वाटली. म्हणाल्या, "अक्षरं पक्की आहेत हो, पण फळ्यावरचं कसं वाचणार? सोमवारी पुन्हा बघू. तोवर शेजारी बसून वाचा." तेव्हापासून शेजारी बसतो. ती एक शब्द वाचत नाही. मान वळवून माझं तोंड शोधत राहते. सोमवार जवळ येतोय आणि माझी झोप उडाली आहे.

बाकी काळजीसारखं काही नाही.

तुझा धाकटा

ता. क. गुडघा बरा असेल तर शनिवारी ये. काही करायचं नाही. पुस्तक न घेता नुसती मुंगीसमोर बस, म्हणजे तिला बघायला तोंड मिळेल आणि मी शेजारी बसून बोट फिरवीन.

ता. क. २. हे लिहिताना मुंगी टेबलापलीकडे उभी होती. वरच्या एका शब्दावर बोट ठेवून तिने वाचलं, "भीती." मग विचारलं, "बाबा, कुणाला?" मी म्हटलं, आत्याला. आता निदान मला खोटं पडू न देण्यासाठी तरी ये, आणि आलीस की थोडी घाबरल्यासारखी दिस.